बाबांनी न छापलेले फोटो

बाबा गेल्यावर घरात सगळ्यात जास्त काय उरलं असेल, तर डबे. बिस्किटांचे, चहाचे, गोळ्यांचे, असे पत्र्याचे डबे कपाटावर, पलंगाखाली, जिन्याखालच्या फडताळात. काहींत स्क्रू, काहींत चाव्या, ज्यांची कुलुपं कधीच हरवली होती. बाकी सगळ्यांत फिल्म.

बाबा नोकरी करायचे पाणीपुरवठा खात्यात, पण जगायचे रविवारी. रविवारी सकाळी न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लागायचं, लाल दिवा पेटायचा आणि घरादाराची आंघोळ दुपारवर जायची. आई दाराबाहेरून विचारायची, "आज माणसं धुवायची सोय आहे का, की कागदच?" आतून ट्रेमधलं पाणी हलल्याचा आवाज यायचा.

आत जायची परवानगी फक्त थोरलीला होती. घरात तिला हेच नाव, आणि तिच्या पाठच्या भावाला धाकटा. दोघांत जेमतेम वर्षाचं अंतर, त्यामुळे भांडणं बरोबरीची, पण ट्रे हलवण्याचा मान तिचा. नाकात जाणारा तो आंबूस वास, पाण्याखाली पांढरा कागद, आणि त्यावर हळूहळू वर येणारा आईचा चेहरा, हे तिला पन्नाशी ओलांडली तरी डोळ्यांसमोर दिसायचं. दिसायचे नाहीत ते बाबा. अल्बमभर आई, धाकटा, ती, शेजारची मांजर. बाबा कुठेच नाहीत. ते कायम समोर, एक डोळा मिटून. "आपल्याला वडील होते की फोटोग्राफर?" असं ती धाकट्याला गमतीनं म्हणायची. ती गंमत नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

आता ती एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि दिसेल तेच लिहायचं, वाटेल ते नाही. बाबांच्या आजारपणाचं सगळं वर्ष तिनं प्रयोगशाळा, हॉस्पिटल आणि आईचे गुडघे यांच्यात काढलं होतं. बाबा गेले तेव्हा ती त्यांच्या खाटेशेजारीच होती, पण खुर्चीत झोपलेली. भर दुपारी डोळा लागला, नर्सनं खांदा हलवला तेव्हा सगळं संपलं होतं. शेवटचे कितीतरी दिवस ते कोणाला ओळखतही नव्हते, त्यामुळे काही फरक पडला नसता, असं सगळे म्हणाले. ती मान हलवायची. नंतर सगळ्यांनी तिला आराम कर म्हणून सांगितलं, आणि आराम करायला बसली तसा सगळा शीण एकदम वर आला. जिना चढून आली की मधल्या पायरीवर बसायची. आपण कशासाठी चढलो, हे आठवायला वेळ लागायचा.

आई तिच्याकडे राहायला येणार होती, म्हणजे घर आवरणं आलं. थोरली दर रविवारी यायची. आई खिडकीशी शब्दकोडं सोडवत बसायची आणि ती एकेक डबा रिकामा करायची. निगेटिव्ह कॉम्प्युटरवर घ्यायचं एक छोटं यंत्र तिनं आणलं होतं. पट्टी आत सरकवायची, पडद्यावर चित्र उमटायचं. न्हाणीघरातल्यासारखं हळूहळू नाही, पटकन.

बहुतेक डब्यांवर बाबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'छापले'. एका डब्यावर काहीच नव्हतं.

त्यातली पहिलीच पट्टी बघताना तिचा हात थांबला. गच्चीवर चटई. आई, धाकटा, ती, आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मागे उभे बाबा. तरुण, केस भरपूर, हसताना खालचा ओठ दुमडलेला. पुढच्या फोटोत बाबा धाकट्याच्या बुटाची नाडी बांधतायत. त्याच्या पुढच्यात जेवणाच्या टेबलाशी चौघं, आणि बाबा तिच्या ताटातलं काहीतरी उचलून खातायत. ती ओरडतेय, बाबा हसतायत.

ती कितीतरी वेळ नुसती बघत बसली. इतकी वर्षं जे नव्हतंच असं धरून चाललो, ते असं डब्यात पडून होतं.

तिनं धाकट्याला फोन केला. तो दुसऱ्या गावात होता, औषधं विकत फिरायचा, आणि त्याचा आवाज नेहमी गाडीतून यायचा.

"टायमर लावला असेल," तो म्हणाला. "नाहीतर शेजारच्या कोणाला सांगितलं असेल. त्यात काय एवढं?"

"छापले का नाहीत मग?"

"बिघडले असतील, ताई. तू जरा झोप बघू."

बिघडलेले नव्हते. बाबांच्या फोटोंपेक्षा चांगले होते. बाबांच्या फोटोत माणसं नेहमी जरा ताठ असायची. इथे ती श्वास घेत होती.

पुढच्या रविवारी तिनं उरलेल्या पट्ट्या घेतल्या. एका फोटोत चौघं बसस्टॉपवर उभी होती आणि बाबांच्या गळ्यात कॅमेरा होता. तोच, चामडी पट्ट्याचा. म्हणजे हा फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यानं काढलाय, तिनं मनात नोंदवलं. पण बाबांच्या कॅमेऱ्याला आतून एक टवका उडालेला होता. प्रत्येक फोटोच्या खालच्या कडेला तो इवल्याशा दातासारखा उमटायचा. लहानपणी तिनंच तो पहिल्यांदा पाहिला होता आणि शाबासकी मिळवली होती. तिनं चित्र मोठं केलं. खालच्या कडेला दात होता. गळ्यातल्या कॅमेऱ्यानंच तो फोटो काढलेला होता.

तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. दात होता.

मग ती सवयीनं तपासायला लागली. सगळे फोटो काळानुसार ओळीत लावले. धाकट्याच्या दातांवरून, तिच्या वेण्यांवरून ते सोपं होतं. आणि ओळीत लावल्यावर जे दिसलं, ते एकेकट्या फोटोत दिसत नव्हतं. सगळ्यात जुन्या फोटोत टेबलाची खालची बाजू दिसत होती. पुढे टेबलाची कड. मग टेबलावरच्या ताटात काय आहे ते. शाळेच्या पहिल्या दिवशीचा फोटो तिच्या नाकाच्या उंचीवरून काढलेला होता. ती वाढत गेली तशी फोटोची नजरही वर सरकत गेली, आधी तिच्याहून जराशी खाली, धाकट्याहून जराशी वर. ती कॉलेजात गेली त्या सुमाराला नजर तिच्या डोक्याच्याही वर गेली. शेवटच्या पट्टीत बाबांची विरळ होत चाललेली टाळू दिसत होती.

"आई," ती म्हणाली, "हे कोणी काढलेत?"

आईनं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर नवल नव्हतं. "मधल्यानं," ती म्हणाली आणि पुन्हा कोड्यात वाकली.

"कोण मधला?"

पेन्सिल थोडी थांबली. आईचं डोकं या वयातही खणखणीत होतं. दुधाचा हिशेब, नातवंडांचे वाढदिवस, सगळं तोंडपाठ. "मी काय म्हणाले?"

"मधला म्हणालीस."

"असेन म्हणाले. दमलेय गं मी." मग कोड्यातून वर न बघता, "तुझ्या बाबांना ते फोटो बघवत नसत. आपल्याहून चांगले येतात म्हणायचे."

त्या दिवशी थोरलीनं आणखी विचारलं नाही. विचारायला जोर लागतो, तो तिच्याकडे नव्हता. एका वर्षाच्या अंतरात मधला मावणार कुठे, हा हिशेब तिनं घरी जाताना बसमध्ये केला. मावत नव्हता. पण त्या डब्यात आणखी एक फोटो होता, जो तिनं कोणाला सांगितला नाही. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे ती बसलीय, गुडघे पोटाशी, नाक वाहतंय. त्या दुपारी ती का रडत होती हे तिनं आजवर कोणालाही कळू दिलं नव्हतं. टाकीमागे ती एकटी होती याची तिला खात्री होती. फोटोतली मुलगी कॅमेऱ्याकडे वैतागून बघत होती. परक्या माणसाकडे नाही. घरच्याच कोणाकडे तरी बघावं, तशी. आणि आता बसच्या खिडकीला डोकं टेकल्यावर तिला आठवायला लागलं की टाकीचा पत्रा पाठीला गरम लागत होता, आणि डाव्या बाजूला, गुडघ्याला टेकून, दुसरा एक गुडघा होता.

फोटो बघितल्यावर अशा आठवणी तयार होतात, हे तिला माहीत होतं. तिनं ते स्वतःला सांगितलंही.

कॅमेरा आईच्या कपाटात होता, कुलपात. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हापासून तो तिथेच होता आणि किल्ली आईच्या कमरेला. थोरलीनं तो काढला तर आत फिल्म होती, जवळजवळ संपलेली. तिनं ती गुंडाळून घेतली आणि प्रयोगशाळेजवळच्या स्टुडिओत दिली. हल्ली अशी फिल्म धुणारा तो एकटाच उरला होता.

आठवड्यानं गेली तेव्हा स्टुडिओवाल्यानं पाकीट पुढे सरकवलं. "बरेच कोरे निघाले. शेवटचे थोडे आलेत." मग जरा घुटमळून म्हणाला, "तुमचे वडील का ते?"

"हो."

"छान आलेत."

तिनं पाकीट तिथे उघडलं नाही. शेजारच्या बागेत बाकावर बसून उघडलं. ऊन होतं, पोरं घसरगुंडीवर ओरडत होती.

हॉस्पिटलची खोली. खिडकी, सलाइनची बाटली, पडद्याची पट्टी.

खुर्चीत ती स्वतः. झोपलेली, तोंड उघडं, चष्मा नाकाच्या टोकावर आलेला. अंगात तिचा त्या दिवशीचा कुर्ता.

त्या दुपारी धाकटा यायचा होता, गाडी अडकली होती. आई घरी होती. कॅमेरा कुलपात होता.

फोटो जरासा हललेला होता. काढणाराही दमला असावा, तसा.

शेवटच्या फोटोत बाबा जागे होते. ते थेट समोर बघत होते, आणि त्यांनी समोरच्याला ओळखलेलं होतं. त्यात शंकाच नव्हती. खालचा ओठ दुमडला होता. उजवा हात चादरीवरून पुढे आलेला, बोटं अर्धी मिटलेली. दुसऱ्या कोणाचा हात धरताना मिटतात, तेवढीच.

ती बाकावर बसून रडली. भीतीनं की हेव्यानं, की बाबा एकटे नव्हते म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं.

धाकटा शेवटच्या रविवारी आला. घर जवळजवळ रिकामं झालं होतं. बैठकीत एक लांब सोफा तेवढा राहिला होता, त्याला दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. तिनं त्याला सगळे फोटो दाखवले. तो एकेक बघत गेला आणि त्याच्या तोंडावरची चेष्टा हळूहळू उतरली.

"हे टाकून दे, ताई," तो म्हणाला.

"तुला काही आठवतं का?"

"नाही." ते फार पटकन आलं. मग तो हॉस्पिटलचा फोटो उलटा ठेवत म्हणाला, "लहानपणी पत्ते खेळताना मी कायम तिघांना वाटायचो. तू चिडायचीस."

"चिडायचे?"

"आधी चिडायचीस."

आई काठी टेकत आली आणि दोघांच्या मध्ये सोफ्यावर बसली. चार वाजायचे होते. रिकाम्या भिंतींवर ऊन पसरलं होतं, पडदे काढल्यामुळे जरा जास्तच.  खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

मग आईनं पदर सारखा केला.

धाकट्यानं पाठ ताठ केली. थोरलीनं कपाळावरचे केस मागे घेतले. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिघंही समोर बघत होती, बैठकीच्या उघड्या दाराकडे, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिघंही हसत होती.

दारात कोणी नव्हतं.

ती हलली नाही. हलायचं नाही, हे अंगालाच ठाऊक होतं. श्वास धरलेला. शेजारी आईचाही.

मग कधीतरी ते झालं, आणि तिघांचे खांदे एकदमच खाली आले.

"पुरे आता," आई दाराकडे बघत म्हणाली. आवाजात माया होती आणि कंटाळा. "किती फिरशील. ये, बस जरा."

धाकटा सोफ्याच्या कडेला सरकला.

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तिनं पाय आत ओढून घेतले, अरुंद खोलीत कोणी समोरून जाताना घेतात तसे.