लेख्नरच्या शेतातल्या कबरी

ऊर्मिला, ती खिडकी लाव आणि बस. हे आमच्या आत्मारामच्या बाबतीत घडलेलं. जर्मनीत, इंगोलश्टाटला आम्ही सात वर्षं एकाच ऑफिसात होतो.

तो शहराबाहेर एका खेड्यात भाड्याने राहायचा. तो सगळा भाग पूर्वी दलदल. दोनशे वर्षांपूर्वी गरीब कुटुंबं तिथे आली, फावड्यांनी चर खणून पाणी काढलं, आणि तापाने, उपासमारीने पटापट मेली. त्यांची दफनभूमी आत्मारामच्या घरमालकाच्या, म्हाताऱ्या लेख्नरच्या, शेताला लागून होती. ओकचे चाळीसेक क्रूस, बस. गावाने लेख्नरला त्या जागेला हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं. पण दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात लेख्नरने क्रूस उपटले, शेगडीत जाळले, आणि वरून नांगर फिरवून ऑक्टोबरात गहू पेरला. हे बरं नाही केलंत, असं आत्माराम त्याला म्हणालासुद्धा. तो हसला. मेलेल्यांना जमीन काय करायचीय, म्हणाला.

दोन नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळचे सहा, पण मिट्ट काळोख. आत्माराम लेख्नरकडून उसनी आणलेली शिडी परत द्यायला गेला. दार उघडं. दिवा चालू. माणूस नाही. मागच्या शेतातून आवाज येत होता... फावड्यांचा. एका लयीत. पुष्कळ फावडी.

त्याने टॉर्च मारला. खणणारं कुणीच नव्हतं. मधोमध लेख्नर उभा. मांडीपर्यंत जमिनीत.

आत्माराम धावला. पायाखाली माती टणक होती. तरी त्याने शिडी आडवी टाकली, तिच्यावर पालथा पडला, म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरून ओढलं.

खालूनही ओढलं.

हिसका नाही... सावकाश. पुष्कळांनी मिळून दोर ओढावा तसं.

कंबर गेली. छाती गेली. मग आत्मारामच्या मनगटाला मातीतून बोटं लागली. गार.

"सोड," लेख्नर हळू म्हणाला. "त्यांना मी हवाय."

...

त्याने सोडलं.

फावडी थांबली.

पोलिसांचा विश्वास बसेना. तिसऱ्या दिवशी यंत्र आणून खणलं, तेव्हा लेख्नर दोन मीटर खाली सापडला. उभाच.

खणण्याआधी ती जागा मी स्वतः पाहिली होती. शिडीचा वळ होता. त्याच्यापुढे, जिथे लेख्नर गेला तिथे, गव्हाचे बोटभर कोंब ओळीने उभे होते.

एकही मोडलेला नव्हता.