आतल्याला हात न लावता

चप्पल सापडली असती, तर प्रेमिलाने त्या माणसाकडे पाहिलेही नसते.

नागपूरच्या सदरमधल्या त्या सरकारी संगणक केंद्रात यंत्राच्या खोलीत शिरताना चपला दाराबाहेर काढाव्या लागत. धूळ यंत्राला बाधते, हे कारण खरेच होते. पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्या उंबरठ्याशी ज्या भाविकतेने वाकत, ती काही धुळीपोटी नव्हती. सत्याऐंशी सालचा डिसेंबर होता. गार फरशीवर अनवाणी पावले टाकीत प्रेमिला बाहेर आली, तर एक चप्पल जागेवर आणि दुसरी एका फुगलेल्या कापडी पिशवीखाली. पिशवीमागच्या बाकावर एक तरुण बसला होता. रोग्याच्या नातेवाइकाने डॉक्टरच्या दाराकडे पाहावे, तसा खिडकीकडे डोळे लावून.

"पिशवी उचला जरा."

"नंबर माझाच आहे मॅडम. सकाळपासून बसून राहिलो मी."

"तुमचा नंबर नको आहे मला. माझी चप्पल हवी आहे."

त्याने खाली पाहिले आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग पिशवी उचलून त्याने ती चप्पल हातात घेतली, स्वतःच्या रुमालाने पुसली आणि तिच्या पायाशी सरळ मांडून ठेवली... इतक्या सहजपणे, की प्रेमिलाला क्षणभर पाऊल टाकवेना. तिच्या वडिलांनी, दादाजी वानखडे यांनी, छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. तरीही कुणाची चप्पल कुणी उचलायची याविषयी या देशाने केवढे ग्रंथ रचले आहेत, हे तिला वाचल्यावाचून ठाऊक होते. आणि हा खुळा रुमालाने पुसत होता!

त्याचे नाव मुकुंद चरपे. नरखेडच्या तालुका कृषी कार्यालयात तो नोकरीला होता. संत्र्याच्या बागांच्या मातीचे तपासलेले आकडे घेऊन तो एसटीने येई, खिडकीत देई, आणि यंत्राने कोणत्या बागेला कोणते खत किती हे सांगेपर्यंत त्या बाकावर बसून राही. उत्तर कधी संध्याकाळी मिळे, कधी दुसऱ्या दिवशी. बसायला कुणी सांगितले नव्हते. उठायलाही सांगितले नव्हते. ज्याला विचारायचे आहे त्याने ताटकळायचे, ही रीत या भूमीवर कॉम्प्युटरच्या फार आधी रुजलेली आहे, आणि कॉम्प्युटरने ती कुठलीही अडचण न येता स्वीकारली होती.

पुढच्या खेपेला तिने त्याला विचारले, की तो निदान चहाला तरी का उठत नाही.

"उठलो अन् तुम्ही बाहेर आल्या तर?" तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून पुन्हा लाल झाला.

त्या लाल कानांपायीच म्हणा, प्रेमिलाने एक नवी व्यवस्था रचायला घेतली. खतांचा हिशेब करणारा मूळ प्रोग्राम जुना होता, भोके पाडलेल्या कार्डांच्या पेट्यांत भरलेला. लिहिणारा केव्हाच दिल्लीला निघून गेला होता. त्याच्या आत काय आहे ते कुणाला कळत नव्हते, आणि उत्तर मात्र बरोबर येत होते. साहेब म्हणाले, नवा लिहायचा तर वर्षे जातील. प्रेमिला म्हणाली, नवा लिहायचाच नाही. आतल्याला हात न लावता त्याच्यासमोर एक दुसरा प्रोग्राम बसवायचा, द्वारपालासारखा. तालुक्याच्या कचेरीत बसवलेल्या टर्मिनलवरून फोनच्या तारेने प्रश्न आला, की द्वारपालाने तो घ्यायचा, क्रमांक द्यायचा आणि तार मोकळी करायची. सवड होईल तेव्हा प्रश्न जुन्या प्रोग्रामच्या पुढ्यात त्याला समजेल अशा रूपात ठेवायचा. कोणाचे कोणते बोलणे कुठवर आले होते, ते लक्षात ठेवायचे. विचारणारा पुन्हा आला, की त्याला पहिल्यापासून सांगायला लावायचे नाही. कुणी कुणासाठी ताटकळायचे नाही.

प्रयोगासाठी तालुका निवडायचा होता. तिने नरखेड निवडला, आणि निवडीची तांत्रिक कारणे टिपणात इतकी भक्कम लिहिली, की साहेबांना शंका आली नाही.

टर्मिनल बसले, चालले. महिनाभराने मुकुंद सदरला हजर. हात रिकामे, पिशवीसुद्धा नाही.

"आता काहून आले?" तिने विचारले. "उत्तरं तिथंच येतात ना?"

"तेच तर. येण्याजाण्याचं कारणच खाऊन टाकलं तुमच्या मशीननं." त्याने नजर खाली केली. "एकच बाग दोनदा विचारली मी, की घोळ होईल अन् मले नागपूरले धाडतील. तर म्हणे, हे उत्तर तुम्हाले आधीच दिलं आहे."

"लक्षात ठेवतं ते."

"अन् ज्यानं बनवलं... ते माणूस ठेवते का?"

प्रेमिला हसली नाही, निदान ओठांनी तरी नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याच्याबरोबर चहा प्यायला गेली. बशीत चहा ओतून तो फुंकर घाली, आणि फुंकरीच्या वाफेआडून तिच्याकडे पाही. तिने आपल्या कामाची सगळी गोष्ट त्याला समजावून सांगितली: जुन्याला डिवचायचे नाही, फक्त समोर एक शहाणा थर ठेवायचा. तो शाळकरी मुलाच्या एकाग्रतेने ऐकत राहिला. एवढ्या मन लावून ऐकणारा पुरुष तिने पाहिला नव्हता. त्याने ते किती मन लावून ऐकले, हे तिला फार पुढे कळायचे होते.

उन्हाळा उलटला, संत्र्यांचा दुसरा बहर आला. नागपुरातल्याच जरीपटक्याच्या बाजारात, कापडाच्या दुकानांसमोरच्या गर्दीत, एका हातगाडीला वाट देताना त्याने तिचे मनगट धरले. गाडी गेली तरी हात सुटला नाही. लग्नाचे त्याने तिथेच विचारले. उत्तराची घाई नाही, असेही म्हणाला. क्रमांक तेवढा द्यावा.

"तुझ्या घरी माहीत आहे? मी कोण ते?"

"सांगितलं घरी."

"काय म्हणाले?"

"घेऊन ये म्हणाली माय."

तिने डोळे मिटले. गर्दीतल्या कुणाचा तरी खांदा तिला लागला, आणि तोही तिला त्या क्षणी आपल्या माणसाचा वाटला. घरी तिने आईला, भीमाबाईंना सांगितले. त्या लुगड्याच्या पदराने डोळे टिपत राहिल्या. दादाजींनी एकच गोष्ट विचारली: आपण कोण आहोत, हे त्यांना ठाऊक आहे ना? आहे, असे प्रेमिलाने सांगितले. गिरणीत आयुष्य काढलेल्या त्या माणसाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तसाच बराच वेळ ठेवून दिला.

एका रविवारी ती एसटीने त्याच्या गावी उतरली. मुकुंद मोटारसायकल घेऊन थांबला होता. वाटेत दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, पंपांची फटफट, ओल्या मातीचा वास. तो नेहमीपेक्षा कमी बोलत होता. तिला वाटले, आनंदाने.

त्याचे वडील, चंपतराव, बागेत गेले होते. आई गोपिकाबाई दारातच भेटल्या. प्रसन्न बाई होत्या. "ये वं माय," म्हणून त्यांनी प्रेमिलाचा हात धरला आणि तिला थेट स्वयंपाकघरात नेले, पाटावर बसवले, कणीक पुढे केली. सुनेच्या हातची पोळी खायची आहे, म्हणाल्या. प्रेमिला कणीक मळू लागली. आपल्या बोटांना इतके हलके तिने कधी अनुभवले नव्हते.

तेवढ्यात मागच्या दाराशी तुळसाबाई नावाची मजूर बाई ताकाला आली. गोपिकाबाई उठल्या, आणि त्यांनी ताक तिच्या भांड्यात वरून सोडले. धार लांब होती, आणि सुरेख होती. एक थेंब सांडला नाही, भांड्याला भांडे लागले नाही. इतकी सफाई एका जन्मात येत नाही. पिढ्या लागतात.

हात धुऊन गोपिकाबाई परत बसल्या आणि मायेने विचारू लागल्या, की मोर्शीकडच्या तिच्या वडिलांच्या बागेला यंदा बहर कसा आहे, आणि धाकटा काका अजून सरपंच आहे का.

प्रेमिलाची बोटे कणकेत थांबली.

मोर्शीकडची बाग. सरपंच काका. वानखडे हे आडनाव कुणब्यांतही असते आणि बौद्धांतही. त्या आडनावामागे मुकुंदने एक आख्खे कुणब्याचे घर उभे केले होते, जमिनीसकट. ही माया, हा पाट, ही कणीक... सगळे त्या दुसऱ्या मुलीसाठी होते, जी जन्मलीच नव्हती.

"आई," ती शांतपणे म्हणाली, "माझे वडील गिरणीत होते. बाग नाही आमची. आम्ही नागपूरच्या इंदोऱ्याचे, बौद्ध."

गोपिकाबाई ओरडल्या नाहीत. आकांत केला असता, तर प्रेमिलाला त्यांच्याशी भांडता तरी आले असते. त्यांनी तिच्यासमोरची परात ओढून घेतली, मळलेल्या कणकेवर झाकण ठेवले आणि परात मागच्या दाराशी नेऊन ठेवली. मग भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "उन्हाच्या आत निघा बाई. गाडी चुकंल."

तिच्या मागोमाग चालत आलेला मुकुंद थांब्यावरच्या लिंबाखाली तिच्यासमोर उभा राहिला. तो बोलला ते शब्द तिचेच होते.

"तूच सांगितलं होतं ना... आतल्याले हात लावायचा नाही. समोर एक थर ठेवायचा. लग्न झालं असतं, मायनं तुले ओळखलं असतं, मग हळूहळू—"

प्रेमिला त्याच्याकडे पाहत राहिली. तो खोटारडा नव्हता. वाईट हेच होते. त्याने तिची विद्या प्रामाणिकपणे गिरवली होती, आणि आईबापांच्या जागी कार्डांच्या पेट्या धरल्या होत्या.

"माझा द्वारपाल प्रश्न बदलत नाही मुकुंद. आत पोचवते ते खरं तेच पोचवते. तू तर मलेच बदलून आत पाठवलं."

"चुकलं माझं."

"तुझे वडील बागेतून आले असतील. जा, त्यांच्यापुढं म्हण, की हिच्याशीच लग्न करतो. ते हो म्हणोत, नाही म्हणोत. तू म्हण. मग मी आहे."

तो गेला. धावतच गेला, आणि त्या धावण्यावर तिचा जीव जडून राहिला. लिंबाची पिवळी पाने पडत होती. लांबून कुणाच्या तरी पंपाचा आवाज येत होता... आणि तिला खरेच वाटले, की तो म्हणेल.

तो परतला तेव्हा चालत आला. हातात संत्र्यांची पिशवी होती.

"मायनं दिली," तो म्हणाला. "तुले भूक लागली असंल म्हणून."

फळाला विटाळ नसतो. या धर्मशास्त्राने माणसाला नाकारताना फळांना मात्र उदारपणे सोडून दिले आहे. साल असते ना.

"म्हणालास?"

त्याचे डोळे भरून आले. "दोन दिवस दे. बाबा थकून आले होते... मले पाहून हसले. माह्याच्यानं नाही झालं वं."

गाडीला अवकाश होता. प्रेमिला कट्ट्यावर बसली. रागावण्यासारखे तिच्यापाशी पुष्कळ होते, आणि ते पुढे जन्मभर पुरणार होते; त्यातले आत्ताच खर्चावे असे तिला वाटले नाही. तिने पिशवीतले एक संत्रे काढले, सोलले, आणि अर्धे त्याच्या हातावर ठेवले.

"खा. आपण अजून एका ताटात जेवलो नाही."

तो खाऊ लागला. रडत होता, आणि खात होता. तीही खात होती. संत्रे गोड होते, अगदी बहरातले. त्याच्या हनुवटीवर ओघळलेला रस तिने पदराने टिपला, बाजारात त्याने ज्याचे मनगट धरले होते त्याच हाताने.

"तुझ्यावर जीव लावला मी," ती म्हणाली. "ते खोटं नव्हतं. अन् लग्न नाही करत मी तुझ्याशी. तेही खोटं नाही."

एसटी आली, धुरळा उडवीत थांबली. तो पिशवी वर देऊ लागला. तिने ती घेतली नाही. "तुळसाबाईले दे," म्हणाली. "हातात दे."

गाडी हलली. खिडकीतून तिला दिसले, की तो पिशवी घेऊन गावाकडे वळला आहे. पुढे रस्त्याला फाटा होता. एक वाट त्याच्या घराकडे जात होती, दुसरी तुळसाबाईच्या वस्तीकडे. तो फाट्यावर थांबला. एसटी बागांच्या वळणात शिरली तेव्हाही तो तिथेच उभा होता.