भिंतीतला गडगडाट

“थांब! थांब! थांबव ती बासरी!”

मामाने कानांवरचे हेडफोन ओरबाडून काढले आणि टेपरेकॉर्डरचं बटण खाडकन दाबलं. बशीएवढी दोन रिळं गरगरता गरगरता थांबली. मामीने बासरी मांडीवर ठेवली.

“अहो, आता काय झालं?”

“पुन्हा तोच गडगडाट! ऐन शेवटच्या ओळीत! कुठंय ती वावटळ?”

वावटळ दाराबाहेर व्हरांड्यात पालथी पडून झोपलेल्या बोक्याचं चित्र काढत होती. हा बोका म्हणजे मांजर नव्हे. तो मामाचा मुलगा. जेवण झालं की जागा मिळेल तिथे मुटकुळं करून झोपायचा, म्हणून बोका. आणि वावटळ म्हणजे मामाची भाची. जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या तिने जन्मात कधी चालून उतरल्या नव्हत्या. मोठ्या भावाबरोबर सुट्टीला आली त्या दिवशी तिने फाटकही उडी मारूनच ओलांडलं होतं!

“मी नाही मामा! मी हललेसुद्धा नाही!” ती आत येत म्हणाली.

“तू नाहीस तर काय भिंत उड्या मारते? सकाळपासून चार वेळा टेप वाया गेली. तुझ्या मामीचा दम संपायला आला! उद्या दुपारी बाहुलीनाट्यवाले संगीत न्यायला येणार, आणि त्यांना मी काय देऊ? ढगांचा गडगडाट?”

“पण मामा...”

“पण नाही आणि बीण नाही. उद्या सकाळच्या बसने तुझी घरी रवानगी. मी आजच तुझ्या बाबांना फोन करतो.”

अर्धी सुट्टी अजून शिल्लक होती. मामीचं काम संपलं की मुलांना ध्वनिमुद्रण शिकवायचं मामाने कबूल केलं होतं. शाळेत तिने सगळ्या वर्गाला सांगून ठेवलं होतं, की मी माझा आवाज टेपवर आणणार!

खोली होतीच तशी वेड लावणारी. खिडकीला जुनी गादी टेकवलेली. टेबलावर तो भलामोठा टेपरेकॉर्डर, आणि तो पुसायला स्पिरिटची बाटली आणि कापसाचे बोळे. सुरू केल्यावर तापलेल्या यंत्राचा एक ऊबदार वास खोलीभर पसरायचा. ज्याने तो घेतलाय, त्याला तो कधी विसरता यायचा नाही! मामाचे मित्र आता संगणकावर सगळं करायचे आणि “अजून हे भंगार वापरतोस?” म्हणून त्याला चिडवायचे. मामा हसून सोडून द्यायचा.

यातली मामाची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे घुमाऱ्याची पेटी. बाहेरून पाहिलं तर गंज चढलेला नुसता लोखंडी डबा, पण आत तीन लांब स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. बासरीचा आवाज तारेतून एका टोकाने आत शिरायचा, स्प्रिंगांतून हेलकावे खात दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचा. या चिमुकल्या खोलीतली बासरी मग एखाद्या खोल विहिरीच्या काठावर वाजवल्यासारखी ऐकू यायची. मामा म्हणायचा तसं. मुलांनी ती कधी ऐकली नव्हती, कारण हेडफोनला हात लावायची मनाई होती.

गेल्या आठवड्यात वावटळीचा टेबलाला धक्का लागला आणि त्या पेटीतल्या स्प्रिंगा एकमेकींवर आपटून मामाच्या कानात वीज कोसळली. त्याच दिवशी मामाने पेटी स्पंजाच्या उशीवरून उचलली आणि उंच भिंतीवर स्क्रूंनी घट्ट ठोकून टाकली. “आता बघू कोण धक्का मारतो!” असं म्हणून.

तर अशी सगळी हकिगत. मामा नवं रीळ आणायला बाजारात गेला. मामी दमून आत आडवी झाली. वावटळ व्हरांड्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली.

“रडू नकोस,” दादा म्हणाला. हा तिचा भाऊ. बोलायचा कमी, पण विचार करायला लागला की डोकं खाजवून खाजवून केसांचं घरटं करायचा. “तू खरंच उडी मारली नव्हतीस?”

“दादा! तूसुद्धा?”

“नाही, मी विचारतोय. कारण मी खोलीतच होतो. मला गडगडाट ऐकूच आला नाही! मामीलाही नाही.”

वावटळीने डोकं वर केलं. “म्हणजे?”

“म्हणजे खोलीत आवाज झालाच नाही, आणि मामाच्या हेडफोनमध्ये झाला!”

“भूत!” बोका टुणकन उठून बसला.

“भूत कसलं! झोप तू,” वावटळ म्हणाली. पण तिचे डोळे आता लुकलुकायला लागले होते. “दादा, आपण करून बघूया. मी उडी मारते, तू ऐक.”

“मनाई आहे,” बोका म्हणाला.

“तुझ्या बाबांचं यंत्र आहे, म्हणजे थोडं तुझंही. तूच लाव हेडफोन!”

बोक्याला हे म्हणणं फारच पटलं. त्याने यंत्र सुरू केलं, हेडफोन चढवले. वावटळीने खोलीच्या मधोमध अंगातली सगळी ताकद लावून उडी मारली. धप्प!

“नुसतं धप्प. गडगडाट नाही,” बोका म्हणाला.

ती खुर्चीवरून उडी मारून आली. तरी गडगडाट नाही. फरशी पक्की दगडी होती. मग दादाने डोकं खाजवलं, भिंतीपाशी गेला आणि मुठीने हळूच एक टकटक केली.

“आई गं!” बोक्याने हेडफोन फेकायचेच बाकी ठेवले. “कानात डोंगर कोसळला!”

“भिंत!” वावटळ ओरडली. “पेटी भिंतीला ठोकलीय! भिंत जराशी थरथरली तरी स्प्रिंगा आपटणार!”

“पण मग भिंतीला धक्का कोण देतंय?” दादा म्हणाला.

तिघांनीही एकदम भिंतीकडे पाहिलं. पलीकडे हेडबाई राहत होत्या! निवृत्त मुख्याध्यापिका. घरात एकट्याच. मामाच्या खोलीतून जरा आवाज आला की दारात हजर! “इथे माणसं राहतात की बँड?” त्यांचा तो करडा आवाज ऐकून मामासुद्धा विद्यार्थ्यासारखा ताठ उभा राहायचा.

“थांबा, थांबा!” बोका कुजबुजला. त्याचे हात हेडफोनवरच होते. “आलं पुन्हा! गडड... गडड... गडड... ठेक्यात आहे!”

वावटळ आणखी काही ऐकायला थांबलीच नाही. ती थेट पलीकडच्या दारात. तिने घंटी वाजवली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. हेडबाईंचा चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट.

“काय आहे?” त्या धापा टाकत म्हणाल्या.

“बाई, तुम्ही... भिंतीवर काही ठोकताय का?”

“मी? मी पुस्तकं आवरत होते.”

वावटळीची नजर त्यांच्या मागे गेली. जमिनीवर मामाच्या भिंतीला भिडवलेली एक लांब लाकडी फळी होती. कोचाच्या उशीखालून एक लाकडी मूठ बाहेर डोकावत होती, आणि मुठीला दोरी!

“बाई!” ती टाळ्या पिटत ओरडली, “तुम्ही दोरीवरच्या उड्या मारता!”

“श्श! हळू बोल!” बाईंनी तिला हाताला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं. “अगं, चाळीस वर्षं मी मुलींवर ओरडले, वर्गात उड्या मारू नका म्हणून. शाळेतल्या कुणाला कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहील का? पण काय करू, मला आवडतं! सुटले की थांबवतच नाही. कुणाला सांगू नकोस. शब्द दे.”

वावटळीने शब्द देऊन टाकला. दिल्यावर तिच्या लक्षात आलं, की आता आपण सुटणार कशा?

“बाई, एक कराल? संध्याकाळी माझा मामा परत आला, बासरी सुरू झाली, की थोड्या वेळाने नेहमीसारख्याच उड्या मारा.”

“का बरं?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“शाबास,” हेडबाई म्हणाल्या, “गुपितांची अदलाबदल झाली म्हणायची!”

संध्याकाळी मामाने नवं रीळ चढवलं आणि बघतो तो काय? तिघं मुलं त्याच्यासमोर ओळीने खुर्च्यांवर बसलेली, सहाच्या सहा पाय हवेत!

“हा काय तमाशा?”

“मामा, आता आम्ही हललो तर मला आजच घरी पाठव,” वावटळ म्हणाली. “पण नाही हललो आणि तरी गडगडलं, तर?”

“तर मी माझी मिशी काढीन! चला, सुरू!”

मामी वाजवू लागली. मामाचा चेहरा खुलत गेला. शेवटची ओळ आली आणि तो ताडकन उभा राहिला. हेडफोन, मुलांचे पाय, पुन्हा हेडफोन! “हे... हे कसं शक्य आहे?”

दादाने उठून भिंतीवर एक टकटक केली. मामा वीतभर उडाला.

“पेटी तू भिंतीला ठोकलीस, बाबा,” बोका म्हणाला. “टेबलावर उशीवर होती तेच बरं होतं!”

मामाने पेटीला आणि भिंतीला आळीपाळीने हात लावून पाहिला. पण मोठी माणसं हार लवकर मानत नाहीत. “ते ठीक. पण धक्का कुणी दिला? पलीकडे तर हेडबाई राहतात. त्या काय भिंत बडवतात? तुम्हीच कुणाला तरी उभं केलं असणार! बोल वावटळ, कोण आहे पलीकडे?”

वावटळीने ओठ घट्ट मिटले.

“बोल! नाहीतर ती बस ठरलेलीच!”

तिने बोक्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं. तिने त्यांनाही काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांनीही तोंडं शिवून घेतली होती. “मामा, मला माहीत आहे,” ती बारीक आवाजात म्हणाली, “पण मी शब्द दिलाय. मी जाते बसने.”

मामीने बासरी खाली ठेवली. मामा काही बोलणार, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पांढऱ्या बुटांत, हातात दोरी घेऊन हेडबाई उभ्या!

मामा सवयीने ताठ झाला.

“मी कान दिला, की तुमच्या घरातला शब्द न् शब्द मला ऐकू येतो,” त्या कडाडल्या, “म्हणून तर तक्रार करायला येते! पलीकडे मी होते. मी उड्या मारते. दोनशे सलग! आणि ही पोर माझं गुपित राखायला घरी परत जायला निघाली? इतक्या वर्षांत मी एवढ्या मुलींना बोलणं थांबवायला शिकवलं, पण नेमकं कुठे थांबायचं, हे हिला कळतं. आता सांगा, चूक कुणाची?”

“माझी, बाई,” मामा पुटपुटला.

“मोठ्याने!”

“माझी! पेटी मी ठोकली, आणि दोष हिला दिला.” त्याने वावटळीसमोर कान पकडले. मग कपाटातून स्क्रू ड्रायव्हर काढून तिच्याच हातात दिला. “घे. तूच उतरव ती. हळू हं!”

वावटळ स्टुलावर चढली. पेटी खाली आली, पुन्हा आपल्या उशीवर बसली. बाई तिथेच खुर्चीत बसल्या, हाताची घडी, तोंडावर बोट. मामीने शेवटचा दम एकवटला आणि बासरी ओठांना लावली. या वेळी खोलीत कुणी श्वासही मोठ्याने घेतला नाही. रिळं थांबली तेव्हा मामा डोळे मिटून बसला होता.

“झालं?” मामीने विचारलं.

मामाने रीळ मागे फिरवलं, हेडफोन काढले आणि वावटळीच्या कानांवर अलगद बसवले.

बासरी सुरू झाली. एक सूर सुटला, खाली खाली गेला, काळोख्या पाण्याला लागून परत वर आला, आणि त्याच्यामागून त्याचीच सावली. वावटळीला वाटलं, आपण खरंच एका विहिरीच्या काठावर उभे आहोत. तिने पायाचं बोटही हलवलं नाही.

“बाबांना फोन करतो,” मामा म्हणाला, “की ही सुट्टी संपेपर्यंत इथेच राहणार. मला हाताखाली माणूस हवाय.”

हेडफोनमुळे तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. पण सगळ्यांचे हसरे चेहरे पाहून तिला ते कळलं, आणि बाईंनी हातातली दोरी तिच्या गळ्यात घातली तेव्हा तर पक्कंच कळलं!