प्रत्येक खोलीचे बारा फोटो

मुलगी पाच वर्षांची आणि तिचे फोटो अकरा हजार. म्हणजे दिवसाला सहा. हा हिशोब मी बुधवारी रात्री पडल्या पडल्या केला आणि झोप उडाली ती उडालीच. एकाही फोटोला नाव नाही. उद्या फोन बादलीत पडला तर? (एकदा पडून झालाय.) आणि नाही पडला, तरी ठकू मोठी होऊन म्हणाली, "आई, माझा पहिला दात पडला तो फोटो दाखव," तर अकरा हजारांत तो दात कुठे शोधायचा? स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावणारी मी शिकलेली बाई. पोटच्या पोरीच्या फोटोंना मात्र नुसते कॅमेऱ्याचे आकडे.

म्हणून गुरुवारी दुपारी चारशे फोटोंना नावं दिली. ठकू-१, ठकू-२, अशी. हललेले, डोळे मिटलेले बाजूला काढले, पुसायला. आणि रात्री जेवणं झाल्यावर, नऊ वाजून दहा मिनिटांनी, शाबासकीच्या आशेने फोन सासऱ्यांपुढे धरला. बाबांची सगळी नोकरी फोटो जोडण्यात गेली. यातलं कळणारा घरात दुसरा कोण?

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "फाइलला पोरीचं नाव द्यायला कुणी सांगितलं?"

"मग कुणाचं देऊ?"

"पुसलंस काही?"

"नाही अजून. झोपताना पुसणार होते."

"पालथा ठेव तो फोन."

सोफ्यावर पाय ताणून बसलेला माझा नवरा म्हणाला, "झालं! आता टेलरची गोष्ट येणार."

"येऊ दे," बाबा म्हणाले. "सुनेने ऐकलेली नाही." ठकू माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली होती. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्या ऑफिसातला माणूस. फोटो असे जोडायचा की शिवण सापडायची नाही, म्हणून टेलर. शर्टाचं बटण तुटलं की मात्र बायकोपुढे उभा. तेव्हा एक दलाल विकायच्या घरांचे फोटो आमच्याकडे पाठवायचा. गिऱ्हाइकाला खोलीच्या मधोमध उभं राहून गरकन फिरल्यासारखं दिसलं पाहिजे, असे. फोटोग्राफर खोलीच्या मध्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडायचा आणि थोडा थोडा वळत बारा फोटो काढायचा. खोली संपली की स्वतःच्या तळहाताचा एक फोटो. म्हणजे आम्हाला कळायचं, इथे एक खोली संपली, पुढची सुरू. मग आम्ही हात काढून टाकायचे आणि नावं द्यायची. हॉल-१ ते हॉल-१२. एकही फाइल बिननावाची ठेवायची नाही, हा नियम. कारण कॅमेऱ्याचे आकडे फिरून तेच येतात, आणि नवी फाइल जुनीवर बसते."

"कळलं," मी म्हणाले. खरं तर निम्मंच कळलं होतं, पण सुनेने एवढं खोटं बोलायचं असतं.

"सतरा नोव्हेंबर. बुधवार. रात्रीचे आठ चाळीस. टेलर काम घरी घेऊन आला होता. तीन खोल्यांचं रिकामं घर, सकाळी द्यायचं. बायको स्वयंपाकघरात. मोठा मुलगा आतल्या खोलीत अभ्यास करतोय. धाकटी, चिमणी, त्याच खोलीत झोपलेली. पाच वर्षांची. हॉलचे फोटो उघडले तर तेरा. तेराव्यात तीच खिडकी, पण खिडकीपाशी एक मुलगी. पाठमोरी. टेलरला वाटलं, रखवालदाराची पोर मध्ये आली असेल. जोडताना उपयोग नाही, पण नाव तर द्यायला हवं. उंची त्याच्या चिमणीएवढी, केसही तसेच. त्याला गंमत वाटली. त्याने टाइप केलं, चिमणी-१."

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "तुमचा हा टेलर आपल्या घरी कसा कधी आला नाही हो? इतक्या वर्षांत मला एकदा दिसू नये?"

बाबांनी हातानेच बसायची खूण केली. आई बसल्या.

"मग हाताचा फोटो. हात छोटा होता."

"म्हणजे?" मी.

"फोटोग्राफरचा नव्हता. लहान मुलाचा. टेलरने फोटोग्राफरला फोन लावला. 'कुणाची पोर घेऊन गेला होतास रे?' तो म्हणाला, 'वेड लागलं का? घराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. मी एकटा होतो.' टेलरने फोन ठेवला. पुढची खोली. स्वयंपाकघर. तेरा फोटो. मुलगी ओट्यापाशी. मान अर्धी वळलेली. गाल दिसतोय. त्याने नाव दिलं, चिमणी-२. का दिलं, त्याला सांगता येत नाही. हात आपोआप चालतो गं. सवय."

नवऱ्याने पाय खाली घेतले होते.

"तिसरी खोली. झोपायची. तेरा. ती समोर उभी. कॅमेऱ्याकडे बघत."

बाबांनी कपाळावरचा चष्मा चाचपला.

"त्याची चिमणी होती. त्या रात्री घातलेलाच फ्रॉक. गळ्याचं बटण तुटलेलं... तेही तसंच."

"मग?"

"धावत आत गेला. चिमणी अंथरुणात. झोपलेली. अंगावरचं पांघरूण वर खाली होतंय. मुलगा म्हणाला, 'बाबा, लाइट लावू नका, ती उठेल.' टेलर परत आला. बसला. तिन्ही फोटो धरले आणि पुसले. कॉम्प्युटरने विचारलं, कायमचे काढायचे? त्याने म्हटलं, हो."

मी ठकूच्या पाठीवर हात ठेवला. कोमट होती. श्वास चालू होता. मी मोजला सुद्धा.

"पाणी प्यायला उठला. जाता जाता आत डोकावला. मुलगा अभ्यास करतोय. लाइट लावलेला, लख्ख. चिमणीच्या अंथरुणाच्या जागी... एक पत्र्याची ट्रंक. त्याने वर हात फिरवला. धूळ होती. बोटभर."

"बाबा..."

"बायकोला विचारलं, चिमणी कुठेय? ती म्हणाली, 'कोण चिमणी?' हसली. तिला वाटलं, थट्टा करतोय. त्याने कपाट उपसलं. एक फ्रॉक नाही. एक चप्पल नाही. मुलाला गदगदा हलवलं. मुलगा रडायला लागला. 'बाबा, मी एकटाच आहे ना? मी एकटाच आहे ना?' बायकोने मुलाला ओढून घेतलं. म्हणाली, 'पोराला घाबरवू नका, झोपा.' झोपा म्हणाली. आणि ती झोपली... आई होती तिची. शांत झोपली."

आईंनी तांब्यावरचं भांडं सरळ केलं.

"दुसऱ्या दिवशी त्या घरी गेला. तिन्ही खोल्यांत उभा राहिला. काही नाही. पुसलेले फोटो परत आणणारी माणसं गाठली. काही नाही. फोल्डर तेवढं राहिलंय. उघडून मोजले तर छत्तीस फोटो. आणि खाली कोपऱ्यात आकडा येतो, एकोणचाळीस. आजही."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. संपलं होतं.

"आणि त्या मुलाचं?" नवऱ्याने विचारलं. ही गोष्ट त्याने दहादा तरी ऐकली असेल, पण हे त्याने बहुधा पहिल्यांदाच विचारलं. "त्याचं पुढे काय झालं?"

बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"बरं झालं सगळं. लग्न झालं. मुलगी आहे त्याला."

मी कोणाकडे बघू नये म्हणून खाली बघितलं. ठकू जागी होती. कधीपासून, कोण जाणे. ती आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हती. बाबांच्या खुर्चीच्या मागे, भिंतीकडे बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "आत्या काहीतरी विचारतेय."

"झोपेत आहेस, बाळा," मी म्हणाले. "तुला आत्या नाहीये गं. तुझे बाबा एकटेच."

ठकूने मान हलवली. मला समजवावं तशी.

"आहे ना. ती विचारतेय, अजून किती वेळ उभं राहायचं?"