दर महिन्याची चेटकीण

शाळेच्या प्रश्नपत्रिका छापून झाल्या का ते बघायला सारजा छावणीतल्या छापखान्यात शिरली, आणि खिडकीशी चित्र काढत बसलेल्या बन्सीचा कुंचला जागीच थबकला. लपवायलाही सवड मिळाली नाही. कागदावर चेटकीण होती. तेच नाक, हनुवटीवरचा तोच तीळ, अंबाड्यात खोचलेली तीच पेन्सिल... आणि वर दोन सुळे.

"ही तर मी—" सारजा म्हणाली. "तरीच वर्गात पोरं मला बघून गप होतात."

बन्सीला घाम फुटला. देवगाव रंगारीहून आल्यापासून तो इथं मुलांच्या मासिकातल्या चित्रकथा काढायचा. खिडकीसमोरच्या बस थांब्यावर ही मास्तरीण रोज उभी असायची. आज ती थेट टेबलापाशी आली होती, तीही चिडून.

"राजकन्या नव्हती का काढायला?"

"राजकन्या एका अंकाची असती, बाई. लग्न झालं की गेली. चेटकीण तेवढी दर महिन्याला येती..."

"मग?"

"मग... दर महिन्याला काढायला मिळती."

बोलून गेला खरा, पण कानापर्यंत लाल झाला. सारजाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"अन् ही विहिरीत कुठं चालली?"

"मालक म्हणतात, लई झाली चेटकीण, मारून टाका. आज संध्याकाळी हे शेवटचं पान द्यायचंय." बन्सीचा आवाज उतरला. "मेली की काढायला निमित्तच नाय."

आता ही मालकाकडे तक्रार घेऊन जाणार, याची त्याला खात्रीच पटली होती. पण सारजाने अंबाड्यातली पेन्सिल उपसली आणि विहिरीच्या काठाला घट्ट धरलेली चार वेडीवाकडी बोटं काढली.

"एवढ्यानं मरत नाय मी."

बन्सीच्या छातीवरचा धोंडाच उतरला. तो हसला, मग तीही हसली.

"सुळे तेवढे घालवा," ती म्हणाली. "रविवारी चित्र घेऊन गारखेड्याला आमच्या घरी या. वडील, नाना, घरीच असतात. सुळे बघून घाबरतील बिचारे."

त्याने कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला. दोन्ही सुळे गेले.

"नानांना... काय सांगू?"

सारजाने पेन्सिल पुन्हा अंबाड्यात खोचली.

"महिन्याचं नका सांगू. रोज काढायचीय म्हणा."