माशांच्या तोंडातली माती

ज्याला विश्वास ठेवायचा नसेल त्याने इथेच थांबावं. मला कुणाशी वाद घालायचा नाही. ही गोष्ट माझ्या मावसबहिणीच्या, आरतीच्या घरात घडली. आणि तिचा शेवट मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

ही रात्रीची गोष्ट नाही.

मागच्या मे महिन्यातली. अकोल्याची. भर दुपारची.

मे महिन्यातली अकोल्याची दुपार ज्याने काढली आहे त्याला वेगळं सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आरतीचं घर दर्यापूर रस्त्याकडच्या एका नव्या लेआउटमध्ये. आधी तिथे तिच्या सासऱ्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. सासरे गेल्यावर तिच्या नवऱ्याने, किशोरने, सहा वर्षांपूर्वी तिथे घर बांधलं. तेव्हा आरतीची नोकरी वरूडकडच्या एका शाळेत होती. मळ्यात तिचं कधी जाणंच झालं नव्हतं. तिने घर पाहिलं ते थेट वास्तुशांतीच्या दिवशी. टाइल्स लागलेलं, रंग दिलेलं.

त्या टाइल्सखाली काय होतं, हे तिला कुणी सांगितलं नाही.

त्यांची लेक खुशी, नऊ वर्षांची. एप्रिलमध्ये तिच्या वाढदिवसाला घरात फिशटँक आला. दोन फुटांचा, हॉलच्या भिंतीशी ठेवलेला. त्यात नऊ मासे. आठ लहान, रंगीबेरंगी, आणि एक जाडजूड नारिंगी गोल्डफिश. खुशीने त्याचं नाव लाडू ठेवलं.

पाचव्या दिवशी पहिला मासा मेला.

दुपारी दीड वाजता.

खुशी रडली. एखादा मरतोच, असं म्हणून आरतीने तिची समजूत काढली. तीन दिवसांनी दुसरा मेला.

दुपारी दीड वाजता.

आरती म्हणजे आमच्या सगळ्या गोतावळ्यात तापट. ती तडक दुकानात गेली. दुकानदाराने हात वर केले. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणाला. ऊन फार आहे म्हणाला. तुम्ही खायला जास्त टाकत असाल, हेही म्हणून झालं. आरतीने सगळं केलं. त्या भागात बोअरला खारं पाणी लागतं, म्हणून ती नळाचंच पाणी वापरायची. ते आता दोन दोन दिवस बादलीत उघडं ठेवून मग टाकू लागली. वर औषधाचे थेंब. लाइट गेली तर हवेची मोटर बंद पडू नये म्हणून बॅटरीवर चालणारी दुसरी मोटर आणली. पाणी तपासायच्या पट्ट्यासुद्धा आणल्या. पट्टी सांगायची, पाणी उत्तम आहे.

तिसरा मासा मेला.

या वेळी तिने नीट पाहिलं. मेलेला मासा पाण्यावर तरंगतो ना? हा तरंगत नव्हता. टँकच्या तळाशी, एका कोपऱ्यात, तोंड रेतीत खुपसून उभा होता. खाली कुठेतरी जायचं असल्यासारखा.

तिने जाळीने त्याला बाहेर काढलं. तोंड उघडं होतं. आणि त्या तोंडात...

माती होती.

काळी, ओली, चिकट माती. कल्ल्यांतही तीच.

टँकमध्ये मातीचा कण नव्हता. पांढरी रेती होती, तीही चार वेळा धुऊन टाकलेली.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तेव्हाची आरती पाहायला हवी होती. ती भ्याली नाही. कुणीतरी मुद्दाम करतंय, हे तिने ठरवून टाकलं. लेकरू रडतंय आणि कुणीतरी मजा पाहतंय. शाळेला सुट्टी होतीच. ती रोज दुपारी टँकसमोर खुर्ची टाकून बसू लागली.

आणि मग तिच्या लक्षात आलं.

दीडच्या सुमारास कूलरचा आवाज यायचा बंद व्हायचा.

कूलर चालू असायचा. पंखा फिरताना दिसायचा. वारा अंगाला लागायचा. पण आवाज... नाही. मोटरच्या बुडबुड्यांचाही नाही.

आणि त्या शांततेत, हॉलच्या मधोमध कुठून तरी यायचं...

गप्.

तोंडाने हवा गिळल्यासारखं. एकदाच.

मग कूलर पुन्हा घरघरू लागायचा. आणि टँकमध्ये एक मासा तोंड खाली करून उभा असायचा. आरती डोळे ताणून बसलेली असायची आणि तरी तो नेमका कधी मेला, ते तिला दिसायचं नाही.

किशोरला सांगितलं तर तो म्हणाला, मासेच ते, दुसरे आणू. पण हे म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून तो दुपारी जेवायला घरी येईना. त्याचं कृषी केंद्र घरापासून दहा मिनिटांवर, तरी डबा मागवू लागला.

खुशीची मात्र नवीच तऱ्हा. ती दुपारी हॉलमध्ये, एका ठरावीक टाइलवर पालथी पडून राहायची. गार लागतं म्हणायची. एकदा तिने टाइलला कान लावला आणि अगदी सहज म्हणाली, "मम्मी, खाली कोनीतरी श्वास घेऊन राह्यलं."

आरतीच्या अंगावर काटा आला. पण तिचा स्वभाव असा, की भीती वाटली की तिला राग येतो. आणि राग काढायला समोर होती इंदूबाई.

इंदूबाई घरकामाला यायच्या. फरशी पुसायचं फिनाइल त्यांच्या हातात, बादली त्यांच्या हातात. आठवा मासा मेला त्या दिवशी आरतीने त्यांना दारातच धरलं. फिनाइलचा हात टँकमध्ये घालता, वर माती टाकता, माझ्या लेकराशी काय वैर आहे तुमचं, असं बरंच काही बोलली. उद्यापासून येऊ नका, म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं ते.

इंदूबाईंनी पोतेरं बादलीत टाकलं. त्यांचाही चेहरा रागाने लाल झाला होता.

"मी काई नाई टाकलं, ताई. चार वर्सं झाले तुमच्या घरी येऊन राह्यली, तोंडात मूग धरून बसली, पोटासाठी. तुमच्या मालकाले विचारा हॉलच्या खाली काय हाये ते."

"काय हाये?"

"विहीर हाये."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तिथेच, उंबऱ्यात उभं राहून.

मळ्यात विहीर होती. आजूबाजूला सगळं खारं पाणी, आणि ही एक गोड. इंदूबाईंच्या नवऱ्याची काकू, पार्बताबाई, तो मळा बटईने, अर्ध्या वाट्याने, करायची. तिचा एकुलता एक मुलगा श्याम नऊ वर्षांचा असताना त्याच विहिरीत बुडाला. विहिरीचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून आपल्याकडे मासे सोडतातच. पार्बताबाईने मुलाच्या नावाने सोडले. एक मोठा मरळ आणि आठ लहान. रोज संध्याकाळी ती काठावर बसून कणकेच्या गोळ्या टाकायची. मरळ वर येऊन तोंडाने हवा घेतो. तो वर आला की ती म्हणायची, आला माझा श्याम.

वीस वर्षं हे चाललं. मासे मेले की त्याच संख्येने नवे सोडायची. कधी नवाचे दहा केले नाहीत की आठ.

किशोरने घर बांधायला काढलं आणि विहीर बुजवायचं ठरवलं. पार्बताबाईने विहीर मागितली नाही. मळाही मागितला नाही. फक्त म्हणाली, बुजवायच्या आधी त्यातले जीव काढतात. मले एक दिवस दे. किशोर हो म्हणाला.

"दुसऱ्या दिवशी काकू ड्रम घेऊन आली, मासे धराले जायं घेऊन आली," इंदूबाई म्हणाल्या. "तं तिथं सपाट होतं सगळं. जेसीबी आदल्याच दिवशी दुपारी येऊन गेला. दीड वाजता सुरू केलं म्हने काम. श्वास घ्यायले एक नळी सोडतात विहिरीत, तेही नाई केलं."

पार्बताबाई ओरडली नाही. शिव्या दिल्या नाहीत. कणकेच्या गोळ्या हातात घेऊन ती अंधार पडेपर्यंत त्या मुरमावर बसून राहिली. त्याच पावसाळ्यात ती गेली.

आरतीने टँककडे पाहिलं. आठ मेले होते. लाडू एकटाच फिरत होता.

संध्याकाळी किशोर आला तेव्हा ती दारातच उभी होती. त्याने आधी कानावर हात ठेवले. मग कबूल केलं. जेसीबी त्या दिवशी मोकळा होता, दुसऱ्या दिवशी मिळत नव्हता. एवढंच कारण. नऊ माशांसाठी घराचं काम थांबवायचं का, असं त्याने तिलाच उलट विचारलं.

"तुमाले तिनं एकच दिवस मागतला होता," आरती म्हणाली.

तिने फरशी फोडून नळी सोडायला सांगितलं. तो म्हणाला, लोक हसतील. रात्रभर भांडण चाललं. सकाळी आरती शेजारच्या बांधकामावरून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, मागून घेऊन आली आणि हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवली. आज दीडच्या आत तुम्ही फोडा, नाहीतर मी फोडते, असं तिने बजावलं. किशोर दुकानात गेला नाही. पण सब्बलीला हातही लावला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

सव्वा वाजता आरती टँकजवळ उभी राहिली. लाडूला काही होऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

एक पंचवीस... लाडू फिरत होता.

एक तीस... कूलरचा आवाज गेला.

तिने टँकवरून नजर हलवली नाही. लाडू अगदी ठीक होता. काचेजवळ थांबून तो बाहेर पाहत होता. तिच्या मागे, हॉलच्या मधोमध.

आणि मागून आवाज आला...

गप्. गप्. गप्.

ती वळली. खुशी टाइलवर पालथी पडली होती. तोंड फरशीला लावून.

आरतीने तिला उलटं केलं. ओठ निळे. तोंड उघडं. आणि तोंडात काळी, ओली माती. आरतीने बोट घालून ती काढली, तर आतून आणखी आली. किशोर ओरडत गाडी काढायला धावला. खुशीची छाती हलत नव्हती.

आरती मला नंतर म्हणाली, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं नाही. मला फक्त राग आला होता. जेसीबीचा, किशोरचा, त्या म्हातारीचाही. ज्याने केलं त्याला सोडून माझ्या लेकराला का धरते, म्हणून.

तिने सब्बल उचलली आणि त्या टाइलवर घातली.

दुसऱ्या घावाला टाइल फुटली. तिसऱ्या घावाला सब्बल खाली गेली आणि हातातून सुटली. काँक्रीटखाली पोकळ होतं. मुरूम कधीच खाली बसला होता. त्या भोकातून हवा बाहेर आली... गार, शेवाळाच्या वासाची, लांबलचक. कुणीतरी सहा वर्षं धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी.

खुशीला खोकला आला.

डॉक्टरांनी उन्हाचा झटका म्हणून लिहून दिलं. मातीचं विचारलं तर म्हणाले, लेकरं खातात माती. टाइल्सच्या घरात राहणारी नऊ वर्षांची मुलगी मूठभर काळी माती खाते! आरतीने तो कागद अजून ठेवला आहे. तो पाहिला की तिला अजून संताप येतो.

इंदूबाईंच्या घरी जाऊन तिने त्यांचे पाय धरले. त्या परत आल्या. त्यांनीच ते भोक नीट करून त्यात नळी बसवली. हॉलच्या मधोमध वीतभर वर आलेली पांढरी नळी. पाहुणे विचारतात. आरती खरं काय ते सांगते. किशोर तेव्हा बाहेर निघून जातो.

त्यानंतर एकही मासा मेला नाही. लाडू अजून आहे.

दिवाळीनंतर मी चार दिवस तिच्याकडे राहिले. संध्याकाळी खुशी कणकेची गोळी घेऊन नळीपाशी बसली आणि ती आत सोडली. मीही कान दिला. त्या विहिरीत पाणी नाही. मुरूम भरलाय. किशोरने स्वतः भरलाय.

खूप वेळ काही नाही...

मग डुब्.

आणि थोड्या वेळाने, खालून, सावकाश... गप्.

खुशी हसली आणि खेळायला गेली. मी त्या रात्री झोपले नाही.

सकाळी किशोर बेसिनपाशी चूळ भरत होता. माझी पाठ फिरली असं त्याला वाटलं असावं. त्याने चूळ टाकली आणि घाईघाईने नळ सोडला. तरी मला दिसलं.

बेसिनमध्ये काळी माती होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन आरतीला सांगितलं. तिला ठाऊक होतं. चार महिन्यांपासून रोज सकाळी असं होतंय. तो तिला सांगत नाही आणि तीही विचारत नाही. मी म्हटलं, अगं, काहीतरी कर. कुणाला तरी दाखव त्याला.

ती पोळी लाटत होती. लाटता लाटता कणकेचा एक छोटा गोळा तिने बाजूला काढून ठेवला. संध्याकाळसाठी.

"मी काहून करू?" ती म्हणाली. "त्या म्हातारीपाशी जाऊन त्यानंच मागावं एक दिवस. पाहू देते का."