रविवारच्या आधीचा शनिवार

येडगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर सुदर्शन पहिल्यांदा आला, तेव्हा अश्विनीनं त्याला खोकी पोचवणारा समजून सरळ गठ्ठे उतरवायला लावले. पठ्ठ्यानं दोन उतरवलेही! मग घाम पुसत म्हणाला, मी पेठ गावावरून आलोय, कॉम्प्युटरचं बघायला. अश्विनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र हसत होता... आणि ते हसू, काय सांगावं, तिला दिवसभर पुरलं.

काम तसं छोटं. अश्विनी ज्यावर मेल बघायची त्या थंडरबर्ड नावाच्या फुकटातल्या प्रोग्रॅमला ऑफिसचं कॅलेंडर जोडायचं. तिनं इकडं कंटेनरची तारीख लिहिली, की मालक सयाजीदादांना केबिनमध्ये लगेच दिसली पाहिजे. एका दुपारचं काम, पण गडी आठवडाभर येत राहिला. कधी पासवर्ड चुके, कधी वेळा पुढंमागं होत. अश्विनी रोज दोन चहा सांगे. काम कशापायी लांबतंय हे न कळायला ती काय येडी नव्हती, आणि तिला ते आवडतही होतं.

गुरुवारी एकदाचं जमलं. तिनं स्वतःपुरतं लिहिलेलंही सगळं सुदर्शननं ऑफिसच्या कॅलेंडरात ओतलं, आणि रविवारच्या रकान्यात उमटलं – 'ओतूरचे पाहुणे मला बघायला.'

दोघांनीही ते वाचलं. बाहेर बाया द्राक्षं निवडत होत्या, त्यांच्या गप्पा तेवढ्या आत येत होत्या.

"हे... सगळ्यांना दिसतंय," तो म्हणाला. "पुसू?"

"पुसून पावणं यायचे थांबणार हायेत का?"

तुमच्या मनात आहे का, असं त्यानं हळूच विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. मुलगा चांगला आहे असं तिचे वडील, आबा, म्हणत होते; असेलही. पण पसंती झाली की तिथंच सुपारी फोडायची ठरली होती, आणि मग बोलून काय उपयोग?

सुदर्शन वायर गुंडाळायला लागला. गुंडाळलेलीच पुन्हा गुंडाळली. असा राग आला तिला! आठवडाभर तोंडाचा पट्टा चालू होता, आणि आताच दातखीळ बसली होय?

"शनिवारी मोकळे आहात?" शेवटी तिनंच विचारलं.

"आहे... का?"

"आईला घेऊन आमच्या घरी या. आबांशी बोला. मला तुमीच पायजे."

त्याचे कान लाल झाले. "मलाही... पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "चारला येतो."

अश्विनीनं शनिवारच्या रकान्यात धडाधड लिहूनच टाकलं – 'चार वाजता, सुदर्शन, घरी.' आता लाजायला उरलं होतं काय?

केबिनमध्ये खुर्ची सरकली. सयाजीदादा चष्मा कपाळावर चढवून दारात उभे राहिले. सुदर्शन ताडकन उठला.

"चारला मला कंटेनर भरायचाय," दादा म्हणाले. "पाचला ठेवा. मी संगं नसलो, तर तुझा बाप या गड्याला उंबऱ्यावरनंच वाटंला लावंल."

अश्विनीनं मान खाली घातली आणि चारचे पाच केले.